अंगणातली रानफुलं आणि एचओएचं पत्र : मेरीलँडमध्ये नव्याने घर घेणाऱ्यांसाठी

एचओएचं, म्हणजे होमओनर्स असोसिएशनचं (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचं), पत्र साध्या पांढऱ्या पाकिटातून आलं. आत एक कागद आणि एक फोटो. फोटोत आमचं पुढचं अंगण, त्यात सहा फूट वाढलेलं जो-पाय वीड, त्याचे फिकट गुलाबी गेंद आणि भोवती लाल पेनाने काढलेलं वर्तुळ. ‘निगा न राखलेली वाढ. पंधरा दिवसांत काढावी, अन्यथा दंड.’ त्याच फोटोत नीट पाहिलं तर फुलांवर तीन फुलपाखरं बसलेली दिसत होती.

घर घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आम्ही दोघं घाबरलो आणि शनिवारी सकाळी फावडं घेऊन ते झाड मुळासकट काढून टाकलं. राज्याचा कायदा आमच्या बाजूने होता, हे त्यानंतर काही महिन्यांनी कळलं. तेव्हा माहीत असतं तर फावड्याऐवजी कागद हातात घेतला असता. हे लिहितोय ते तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून.

आधी शब्दाचा खुलासा. इथे ज्यांना ‘नेटिव्ह प्लांट्स’ म्हणतात त्यांना मी स्थानिक झाडं म्हणणार आहे. ‘देशी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तुळस आणि जास्वंद येते; इथे अर्थ आहे तो युरोपी माणसं येण्याआधीपासून या मातीत वाढत आलेली झाडं. ज्या हिरव्यागार लॉनला सगळे ‘नॉर्मल’ समजतात, त्यातलं केंटकी ब्लूग्रास नावाने केंटकीचं असलं तरी मूळचं युरोपातलं आहे.

एचओए म्हणजे आपली सोसायटी नव्हे

पुण्या-ठाण्याहून आलेला माणूस एचओएला सोसायटीच समजतो. महाराष्ट्रातली गृहनिर्माण सोसायटी 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असते. कमिटीने मनमानी केली तर उपनिबंधकाकडे तक्रार नेता येते. इथला एचओए मुळात जमिनीला चिकटलेला करार आहे. घर तुमच्या नावावर झालं की तो करार तुम्हाला आपोआप लागू होतो, तुम्ही वाचला असो वा नसो. म्हणून ‘माझी जमीन, माझी मर्जी’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. पण करार कितीही जुना असला तरी राज्याचा कायदा त्याच्या वर असतो, आणि आपल्याला पकडायचं आहे ते हेच टोक.

नवख्यांना आणखी एक भीती असते, ती आम्हालाही होती. एचओएचं पत्र हे सरकारी पत्र नाही. त्याचा तुमच्या व्हिसाशी किंवा ग्रीन कार्डाशी संबंध नाही. हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. मात्र ते केराच्या टोपलीतही टाकू नका. दंड साचत जातो, आणि थकलेल्या रकमेपोटी घरावर बोजा चढवण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

कायदा आला कुठून आणि तो काय म्हणतो

हॉवर्ड काउंटीतलं कोलंबिया हे 1967 साली आखून वसवलेलं गाव. तिथल्या एका दांपत्याने अनेक वर्षं लॉनऐवजी स्थानिक फुलझाडं वाढवली होती. 2017 साली त्यांच्या एचओएच्या वकिलाचं पत्र आलं : ही झाडं काढा, पुन्हा लॉन करा. त्यांनी झाडं काढली नाहीत. स्वतःचा वकील केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. डिसेंबर 2020 मध्ये तडजोड झाली. शेजाऱ्याच्या हद्दीलगतची आणि ड्राइव्हवेच्या कडेची थोडी झाडं हलवावी लागली, बाकी बाग राहिली. दरम्यान त्यांच्या भागातल्या आमदारांनी विषय विधिमंडळात नेला आणि 2021 साली हाउस बिल 322 मंजूर झालं. ते 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे. राज्याच्या रिअल प्रॉपर्टी आर्टिकलमध्ये कलम 2-125 म्हणून ते सापडेल. हा क्रमांक लिहून ठेवा, पुढे लागेल.

कायद्याचा शब्द आहे ‘लो-इम्पॅक्ट लँडस्केपिंग’. पाणी वाचवणारी, देखभालीचा खर्च कमी करणारी, प्रदूषण रोखणारी आणि जीवजंतूंना आसरा देणारी बाग, असा त्याचा अर्थ दिला आहे. फुलपाखरं-मधमाश्यांसाठीची बाग, पक्ष्याप्राण्यांसाठीची बाग, पावसाचं पाणी मुरवणारी रेन गार्डन आणि कमी पाण्यावर जगणारी लागवड, हे सगळं त्यात येतं. अशा बागेवर एचओएला अवाजवी बंधन घालता येत नाही. अवाजवी म्हणजे काय, हेही कायदा सांगतो : ज्याने खर्च बराच वाढतो ते, ज्याने बागेचा उपयोगच बराच घटतो ते, आणि ज्यात ‘एवढ्या भागात तरी लॉन हवंच’ अशी सक्ती असते ते. आम्हाला आलेल्या दुसऱ्या पत्रात ‘अर्ध्या अंगणात तरी गवत लावा’ असं वाक्य होतं. ते वाक्यच कायद्यात बसत नव्हतं.

आता दुसरी बाजू. बंधन ‘अवाजवी’ असेल तरच कायदा आड येतो. वाजवी अटी एचओए घालू शकतो. शिवाय हक्क मिळायला दोन अटी तुम्हाला पाळायच्या आहेत. जागा तुमच्या मालकीची किंवा फक्त तुमच्याच वापराची हवी, आणि बागेची तुम्ही नियमित निगा राखली पाहिजे. ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीतल्या मालमत्तांना हे कलम लागू नाही.

त्यातला ‘निगा’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. गवत कापायचं सोडून दिलं आणि जे उगवेल ते ‘नेटिव्ह’ म्हटलं, तर कायदा तुमच्या पाठीशी नाही. माझ्या मते ते योग्यच आहे. न राखलेल्या अंगणात इथे स्थानिक फुलं येत नाहीत. जपानी स्टिल्टग्रास आणि इंग्लिश आयव्हीचं रान माजतं.

झाड आणण्याआधी : कागद

घर घेताना मिळालेल्या गठ्ठ्यातून तीन गोष्टी बाहेर काढा : डिक्लरेशन (मूळ करार), बायलॉज (संघटनेच्या कारभाराचे नियम) आणि आर्किटेक्चरल गाइडलाइन्स (घर-अंगणाच्या दिसण्याचे नियम). डिक्लरेशन सर्वांत वजनदार, गाइडलाइन्स सर्वांत हलक्या. एचओएचं बोर्ड, म्हणजे कारभारी मंडळ, त्या बदलू शकतं. ‘लॉन’, ‘टर्फ’, ‘लँडस्केप’, ‘हाइट’, ‘वीड’ हे शब्द जिथे जिथे येतात तिथे खूण करा. बागेच्या मंजुरीसाठी एचओएकडे करायच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत काय आहे तेही पाहा. काही डिक्लरेशनमध्ये ठराविक दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं.

मग हद्दीचा नकाशा, म्हणजे प्लॅट. टाउनहाउसवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. दारापुढचा गवताचा पट्टा आपलाच वाटतो, पण पुष्कळदा तो सामाईक असतो आणि तिथे हे कलम उपयोगाचं नाही. रस्त्यालगतची पट्टी तर बहुधा काउंटीच्या ताब्यातली असते. एचओएखेरीज काउंटीचा किंवा शहराचा तणविषयक नियमही वेगळा असतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 8 ते 12 इंचांपेक्षा उंच गवतावर बंदी आहे. असे नियम गवत आणि तण यांच्यासाठी असतात, लावलेल्या फुलझाडांसाठी नव्हे. पण कुणी तक्रार केली तर फरक तुम्हालाच दाखवून द्यावा लागतो. म्हणून लागवडीचा नकाशा आणि रोपांच्या पावत्या सांभाळून ठेवा.

अर्ज

‘कायदा माझ्या बाजूने आहे तर विचारायचं कशाला?’ असं आमच्या एका मित्राने म्हटलं आणि सहा महिने भांडत बसला. अर्ज करायला लावणं आणि अर्ज नाकारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला हरकत घेऊ नका. अर्जात हे असू द्या :

- प्लॅटवर रंगीत पेन्सिलने काढलेला आराखडा. कडा, पायवाट आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचं अंतर फुटांत.
- झाडांची यादी, प्रत्येकाची पूर्ण वाढ झाल्यावरची उंची आणि फुलण्याचा महिना.
- निगेचं वेळापत्रक : तण कधी काढणार, छाटणी कधी, मल्च (मातीवरचं आच्छादन) कधी.
- शेवटी एकच वाक्य की ही बाग रिअल प्रॉपर्टी आर्टिकलच्या कलम 2-125 मध्ये सांगितलेलं लो-इम्पॅक्ट लँडस्केपिंग आहे.

यादीत शास्त्रीय नावं लिहा. इथल्या फार सुंदर झाडांच्या बोलीनावांत ‘वीड’, म्हणजे तण, हा शब्द आहे : मिल्कवीड, जो-पाय वीड, बटरफ्लाय वीड, आयर्नवीड. कमिटीतला माणूस संध्याकाळी दमून अर्ज वाचतो आणि ‘वीड’वर अडतो. ‘अ‍ॅस्क्लेपियस ट्युबरोसा, उंची दोन फूट, नारिंगी फुलं, जून-जुलै’ असं लिहिलं की तीच गोष्ट बाग म्हणून वाचली जाते.

अर्ज ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते. तोंडी मंजुरीला किंमत नाही. बोर्डावरची माणसं बदलतात.

काय लावायचं

या भागावर मी वाटेल तेवढं बोलू शकतो, पण कामाचं सांगतो. पुढचं अंगण आणि मागचं अंगण वेगळे धरा. पुढे तीन फुटांच्या आतलं, झुपक्यांनी लावलेलं : नारिंगी बटरफ्लाय वीड, ब्लॅक-आयड सुझन, कोनफ्लॉवर, लिटल ब्लूस्टेम गवत. ब्लॅक-आयड सुझन 1918 पासून मेरीलँडचं राज्यफूल आहे आणि बहुतेक सगळे ते ओळखतात. दारात ते दिसलं की शेजाऱ्यांचा अर्धा संशय फिटतो. उंच जो-पाय वीड, न्यूयॉर्क आयर्नवीड आणि गोल्डनरॉड मागे. ओलसर जागा असेल तर टर्टलहेड लावा. मेरीलँडचा राज्यकीटक असलेलं बाल्टिमोर चेकरस्पॉट फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. छोट्या झाडांत सर्व्हिसबेरी आणि रेडबड; जागा भरपूर असेल तर एक ओक.

बहुतेक मिल्कवीडचं पान तोडलं की पांढरा चीक येतो (बटरफ्लाय वीड हेही मिल्कवीडच, पण त्यातून मात्र येत नाही). आपल्या रुईचीच ही कुळातली बहीण. मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा आपण पाहिल्या आहेत, आणि रुईवरचे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंटही. इथे मोनार्क फुलपाखराचे सुरवंट तसेच दिसतात आणि ते मिल्कवीडखेरीज दुसरं काही खात नाहीत. शरद ऋतूत हे मोनार्क हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत जातात.

आपल्या भाजीच्या वाफ्यातही असाच एक पाहुणा येतो. शेपूवर हिरवा, काळे पट्टे आणि पिवळे ठिपके असलेला सुरवंट दिसला तर मारू नका, तो ब्लॅक स्वॉलोटेल आहे. बोटाने हळूच टेकलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. शेपू इथलं नाही. त्याच्या कुळातलं इथलं झाड म्हणजे गोल्डन अलेक्झांडर, वसंतात पिवळं फुलणारं. मी दोन्ही शेजारी लावतो. भाजी आपल्याला, उरलेलं त्याला.

शेजाऱ्यांना पटवायचं असेल तर पक्ष्यांचं उदाहरण लवकर पोचतं. डेलावेअर विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी सांगतात की चिकडी पक्ष्याच्या जोडीला एका वेळची पिल्लं वाढवायला 6,000 ते 9,000 सुरवंट लागतात. सुरवंट स्थानिक झाडांवर वाढतात. नुसत्या लॉनवर आणि परदेशी शोभेच्या झुडपांवर ते फारसे मिळत नाहीत.

रोपं घेताना नर्सरीत विचारा की मधमाश्यांना घातक असलेलं निओनिकोटिनॉइड कीटकनाशक वापरलंय का. पैसे वाचवायचे असतील तर बियांपासून करा. डिसेंबर-जानेवारीत दुधाचा रिकामा गॅलन कंबरेतून कापा, तळाला भोकं पाडा, ओली माती आणि मिल्कवीडचं बी घाला, कापलेली कड टेपने बंद करा आणि तोंडाचं झाकण काढून अंगणात ठेवा. बर्फ पडू दे. त्या बियांना थंडी हवीच असते. आणि लावलेलं बटरफ्लाय वीड एप्रिलपर्यंत दिसलं नाही तर मेलं समजून उकरू नका. ते मे महिन्यात सावकाश वर येतं. पहिलं वर्ष मुळांचं असतं, वर फारसं काही दिसत नाही. अर्जात ‘पूर्ण वाढ तिसऱ्या वर्षी’ असं लिहून ठेवा.

खणण्याआधी 811

फावडं मारायच्या काही दिवस आधी 811 ला फोन करा. फुकट आहे. गॅस, वीज, केबलच्या वाहिन्या कुठून जातात ते रंगाने आखून देतात. रेन गार्डन करणार असाल तर ती घराच्या पायापासून किमान 10 फूट दूर हवी आणि पाणी एक-दोन दिवसांत मुरलं पाहिजे. डास होतील ही शेजाऱ्यांची पहिली तक्रार असते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून दोन दिवसांत कोरड्या होणाऱ्या खड्ड्यात ते होत नाहीत, हे शांतपणे समजावून सांगा. मॉन्टगोमेरी काउंटीत राहत असाल तर रेनस्केप्स योजनेत अशा बागेसाठी पैसे परत मिळतात. पण अर्ज खणण्याआधी करायचा असतो.

निगा दिसली पाहिजे

मिशिगन विद्यापीठाच्या जोन नासाउअर यांनी वर्षानुवर्षं अभ्यासून मांडलेली गोष्ट आहे : लोकांना रानफुलं खटकत नाहीत, दुर्लक्ष खटकतं. बाग कितीही रानटी असली तरी तिच्याभोवती माणसाचा हात दिसला की ती स्वीकारली जाते. आमच्या अनुभवात हे शंभर टक्के खरं ठरलं.

म्हणून फुटपाथलगत दीड-दोन फुटांची गवताची पट्टी ठेवा आणि ती दर आठवड्याला कापा. हे तुमच्या मर्जीने करायचं, सक्ती म्हणून नाही. वाफ्याला दगडाची किंवा विटांची स्पष्ट कड द्या. एक पायवाट, एक पक्ष्यांचं पाणी, जमल्यास एक बाक. नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनची किंवा मेरीलँड विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनची बे-वाइज पाटी मिळवली तर उत्तमच. पाटी लावण्याविषयीचा नियम मात्र आधी वाचा. फूटपाथवर झुकलेली फांदी त्याच दिवशी बांधा किंवा कापा. गोचिडांची भीती इथे खरी आहे, लाइम आजार याच भागात आहे. म्हणून चालायची वाट रुंद आणि कापलेली ठेवा.

वाळलेल्या दांड्यांचा प्रश्न मात्र अवघड आहे. पोकळ दांड्यांत छोट्या एकट्या मधमाश्या घरटी करतात, त्यामुळे हिवाळ्यात सगळं सपाट करू नये. पण वाळकी दांडी पाहिली की पत्र येतं. आम्ही मधला मार्ग काढला : पुढच्या अंगणात दांड्या दीड फुटावर एकसारख्या कापायच्या, मागे तशाच उभ्या ठेवायच्या.

आणि तरीही पत्र आलं तर

त्या दिवशी काही उपटू नका. तारीख टाकून बागेचे फोटो काढा, कडा आणि पायवाट दिसतील असे. पत्रात कोणत्या नियमाचा भंग झाला ते लिहिलंय का पाहा. नसेल तर आधी तेवढंच लेखी विचारा : ‘डिक्लरेशनचं कोणतं कलम, कोणतं झाड, कोणत्या तारखेची पाहणी?’ पुष्कळ प्रकरणं या प्रश्नापाशीच थंडावतात.

कलम सांगितलं तर मुदतीच्या आत उत्तर द्या. सूर सौम्य, मजकूर नेमका : मंजुरीची प्रत, झाडांची यादी, निगेच्या नोंदी, कलम 2-125 चा उल्लेख, आणि सुनावणीची मागणी. सुनावणीला जाताना शेजारच्या एखाद्याला बरोबर न्या. बोर्डाने मागितलेला बदल छोटा असेल, म्हणजे एखादं उंच झाड दोन फूट मागे घ्या, ड्राइव्हवेची कड मोकळी करा, तर करून टाका. ‘सगळं काढा’ किंवा ‘गवत लावा’ असेल तर नाही म्हणा, लेखी. मॉन्टगोमेरी काउंटीत अशा वादांसाठी कॉमन ओनरशिप कम्युनिटीजचं स्वतंत्र कमिशन आहे, तिथे जाता येतं. वकिलाच्या लेटरहेडवर पत्र आलं की मात्र स्वतः उत्तर लिहू नका. तासाभराचा सल्ला विकत घ्या.

मेरीलँडबाहेर असाल तर

कायदा राज्यागणिक बदलतो. इलिनॉयमध्ये 2024 साली घरमालकांच्या स्थानिक लागवडीसाठी थेट कायदाच झाला. टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, नेव्हाडा आणि कोलोरॅडोतले कायदे मुख्यतः पाणी वाचवणाऱ्या बागांना संरक्षण देतात; स्थानिक झाड बहुधा त्यात बसवता येतं, पण अर्ज पाण्याच्या भाषेत लिहावा लागतो. मिनेसोटाचा 2023 चा कायदा शहरांना बांधतो, एचओएला नाही. दोन्हींत गल्लत करू नका.

मंजुरीचं पत्र, आराखडा, पावत्या, फोटो हे सगळं एका फाइलीत ठेवा आणि घर विकाल तेव्हा ती फाइल नव्या मालकाच्या हातात द्या. आमची फाइल आता बोटभर जाड झाली आहे. जो-पाय वीड पुन्हा लावलं, मागच्या कुंपणापाशी. यंदा ते माझ्या डोक्यावरून गेलं.